बावखलाच्या बातमीतलं एक वाक्य

हे मी आईलाही सांगितलेलं नाही, आणि माझ्या पोटात सहसा काही राहत नाही. तुम्हालाही सांगितलं नसतं. पण परवा वर्गात सरांनी एक काम दिलं – बातमी लिहिताना आपली बलस्थानं कोणती, उणिवा कोणत्या, एका पानात प्रामाणिकपणे लिहून आणा. पत्रकारितेचं माझं हे शेवटचं वर्ष. उणिवा मी भराभर लिहिल्या. पहिलं वाक्य लांबतं. आकडे विचारायचे राहतात. लिहायला बसले की मी तरंगायलाच लागते, सर तर विचारतात, ढगात बसून लिहितेस का गं? बलस्थानापाशी मात्र पेन अडलं. खरं तर ते सगळ्या वर्गाला पाठ आहे. माणसं माझ्याशी मोकळी बोलतात, आणि माझ्या बातमीतली त्यांची वाक्यं लक्षात राहतात.

त्यातलं सगळ्यात गाजलेलं वाक्य आगाशी गावच्या हिराकाकूंचं.

आम्ही मूळचे कोकणातले, विरारला फ्लॅटमध्ये राहणारे. बावखल म्हणजे काय हे मला कॉलेजात येईपर्यंत ठाऊक नव्हतं. वाडीला पाणी मिळावं म्हणून जुन्या माणसांनी खणलेलं गोड्या पाण्याचं तळं, ते बावखल. हल्ली भराव टाकून ती एकेक करून बुजवतात. कॉलेजच्या अंकासाठी मी त्यावर बातमी करत होते. हिराकाकूंच्या मुलाने, राजेशदादाने, त्यांचं बावखल नुकतंच अर्धं बुजवलं होतं. राजोडीच्या समुद्रावर येणाऱ्यांच्या गाड्या तिथे लागणार होत्या.

ती दुपार मला अजून स्वप्नासारखी आठवते. उरलेल्या पाण्यावर केळीची सावली हलत होती. काठावर काकू मोगऱ्याचे गजरे करत बसलेल्या, मी शेजारी. कुठूनसा खंड्या यायचा, पाण्याला शिवायचा, जायचा. मी विचारलं, काकू, काय वाटतं हो हे बघून? त्या हसल्या. थोड्या वेळाने मी पुन्हा तेच विचारलं. त्यांनी फुलं पुढे सरकवली आणि म्हणाल्या, वास घे. मग किती वेळ कुणीच काही बोललं नाही. मला गुंगी आल्यासारखं झालं. त्या गप्प राहण्यात काहीतरी मोठं दुःख आहे अशी माझी खात्रीच पटली – कशावरून? माझ्याच मनावरून. दुसरं काय होतं माझ्याकडे?

संध्याकाळी बातमी लिहिली. सगळं होतं, फक्त माणूस नव्हता. आणि मग ते वाक्य आलं. शपथेवर सांगते, मी ते रचलंय असं मला तेव्हा वाटलंच नाही. काकूंच्या आवाजात ऐकू आल्यासारखंच ते आलं: 'लेकाने बावखल नाही बुजवलं, माझा गळा बुजवला.' मी अवतरणचिन्हं घातली, खाली त्यांचं नाव घातलं. सर म्हणाले, याला म्हणतात बातमीतला माणूस. मी हवेत होते.

अंक छापला गेला. कुणीतरी त्या वाक्याचा फोटो गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. तिथून तो नात्यात फिरला. राजेशदादाला लोक येता-जाता टोमणे मारायला लागले, आईचा गळा दाबणारा म्हणून. हे मला फार नंतर कळलं. तेव्हा मी फक्त माझ्या पोस्टचे लाइक मोजत होते.

पावसाळा सरल्यावर मी अंकाची प्रत द्यायला गेले. खरं सांगू? कौतुक करून घ्यायला गेले. काकू ओटीवर बसल्या होत्या. मला बघून त्यांना आनंद झाला, आणि तेच मला आज सोसत नाही. त्यांनी हळू आवाजात सांगितलं, पानी घान झालेलं, बिल्डिंगींचं सगळं त्यातच यायचं, मच्छर किती – 'मीच राजेशला म्हनली, बुजव बाबा.' म्हणजे खरी बातमी ही होती. ती माझ्या हातून निसटली, कारण मी विचारलंच नव्हतं. मी फक्त काय वाटतं एवढंच विचारत बसले होते.

पण कबूल करायचं आहे ते हेही नाही. अजून एक आहे.

काकूंनी लेकाची माफी मागितली होती. न बोललेल्या वाक्याची. छापून आलंय म्हणजे आपण बोललोच असणार, असं त्यांनी धरलं. आणि जे बोललो ते आठवत नाही, म्हणजे आपलं डोकं चालत नाही. राजेशदादानेही तेच धरलं. आई मुद्दाम असं बोलणार नाही, भ्रमात बोलली असेल – रागापेक्षा त्याला ते बरं वाटलं असावं. तो त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेला. तेव्हापासून त्या एकट्या देवळात जात नाहीत. गॅस पेटवायचा तर सुनेला हाक मारतात. हे सगळं काकूंनी मला कुरकुर न करता सांगितलं.

मग त्या माझ्याजवळ सरकल्या. सून आत आहे ना हे बघून घेतलं. माझा हात हातात घेतला आणि विचारलं, 'तू व्हतीस ना गं तवा. मना कायच आठवत नाय. मी बोलली ना तसं?'

त्यांना 'नाही' हे उत्तरही चाललं असतं असं मला वाटतं. 'नाही' म्हटलं असतं तर त्यांचं डोकं शाबूत ठरलं असतं आणि एक मुलगी खोटारडी, एवढंच. त्या रागावल्याही नसत्या बहुतेक. तोंडात 'नाही' हा शब्द आलाही होता. त्याच वेळी मला सर दिसले, वर्ग दिसला, भिंतीवर लावलेला तो अंक दिसला.

मी म्हणाले, हो काकू. बोललात.

त्यांनी मान हलवली. चेहऱ्यावर भीती आली आणि तिथेच थांबली. माझा हात त्यांनी सोडला नाही.