बांधावरची आतडी

माझं माहेर जिते गावाजवळ, खाडीच्या काठाला. दादा आणि वहिनी तिथं शेती करतात. मागच्या वर्षी वहिनीच्या उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं. तिनं ते आधी पित्तावर ढकललं, मग कामावर. शेवटी मीच तिला पेणला माझ्याकडे आणून सोनोग्राफी करवली. यकृतात गाठ निघाली.

पनवेलच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून सांगितलं, "कॅन्सर नाही. जंताची गाठ आहे, पाण्यानं भरलेली." कुत्र्या-कोल्ह्यांच्या आतड्यात एक बारीक जंत असतो. त्याची अंडी विष्ठेतून मातीत येतात, भाजीला, हाताला लागून माणसाच्या पोटात जातात. मग वर्षानुवर्षं गाठ वाढत राहते.

वहिनी म्हणाली, "कोल्हं तर रोजच येतात मळ्यात. मी मुळा उपटते, पदराला पुसते नि खाते."

ऑपरेशन बराच वेळ चाललं. गाठ आत फुटली तर जिवावर बेतलं असतं. बाहेर बाकावर दादा माझ्या शेजारी बसून रडत होता. आई गेली तेव्हाही तो रडला नव्हता.

वहिनी वाचली. ती घरी आली तेव्हा गावात कोल्ह्यांना विष घालायचं घाटत होतं. शेजारी दादाला बोलवायला आले, तर ती अंथरुणातूनच म्हणाली, "डॉक्टरला विचारलंय मी. बकऱ्याच्या काळजातपण अशाच गाठी असतात. बकरा कापला की आतडी, खराब काळीज आपणच बांधावर टाकतो. कुत्री खातात, कोल्हं खातात. आधी ते पुरायला लागा."

"मग कोल्हं तशीच सोडायची व्हय?"

"विष तुमचीच कुत्री खातील," दादा म्हणाला.

तरी कुणीतरी घातलंच. बांधापलीकडे एक कोल्हीण मेलेली सापडली. दादानं हातमोजे घालून तिला पुरलं. आता बकरा कापला की तो स्वतः खोल खड्डा खणतो. घरच्या कुत्र्याला जंताचं औषध देतो.

वहिनीच्या गोळ्या अजून चालू आहेत. मागच्या तपासणीत नवीन काही दिसलं नाही, तरी डॉक्टरांनी येत राहायला सांगितलंय. परतताना तिनं मला विचारलं, "त्या कोल्हिणीला पिल्लं होती का गो?"

तिच्या आचळांत दूध होतं, हे दादानं मला सांगितलं होतं.

"नाय," मी म्हटलं. "म्हातारी होती."