डावीकडची जागा

सगुणाबाईचा नवरा शिवा श्रावणात गेला आणि दिवाळीच्या तोंडावर लेक हौसा पेणला येऊन आईला आपल्या घरी, रोह्याजवळच्या अष्टमी गावाला घेऊन गेली. सगुणाबाई ना रडत होती, ना बोलत होती. ताट पुढ्यात आलं की जेवायची, सरक म्हटलं की सरकायची.

दुखवट्यात नको म्हणून हौसाने ढोलकी माळ्यावर टाकली होती. पण नातवंडं कसली गप्प बसतात! चित्राने डबा बडवला, उमेशने ताटली, आणि घरभर उड्या सुरू झाल्या. हौसा दोघांवर खेकसली.

"वाजवू दे गो," सगुणाबाई म्हणाली. "मला काय व्हत नाय."

खरंच तिला काही होत नव्हतं.

मग उमेशने ढोलकीच खाली काढली. ठेका धरला तशी म्हातारी उठली आणि टाचा दाबत एकेक पाऊल आडवं टाकू लागली.

"आजी नाचतेय!" चित्रा ओरडली.

"नाचते कसली? मिठागर तुडवते."

पाऊस सरला की मिठागराची ओली जमीन पायांनी तुडवून घट्ट करायची. गाण्याच्या ठेक्यावर, नवरा-बायकोने शेजारी राहून. पेणच्या खाडीवर तिने जन्मभर तेच केलं होतं. आता चेहऱ्यावरची रेघ हलत नव्हती, नुसते पाय चालत होते.

चित्रा धावत येऊन तिच्या डावीकडे उभी राहिली आणि तशीच पावलं टाकू लागली. सगुणाबाई थांबली नाही. तिने नातीला दंडाला धरून उजवीकडे घेतलं.

"इकडं ये. तिथं तुझा आजा हाय."