ठाण्यात घेतलेलं नाव

झेरॉक्सच्या दुकानात गरम कागदाचा वास आला की मला सोनपेठच्या बँकेतली ती दुपार आठवते. शिलाई मशीनसाठी मी कर्ज मागायला गेले होते. बाहेर आठवडी बाजार भरलेला, खिडकीतून मिरच्यांचा ठसका येत होता. आधार कार्ड बघून साहेब म्हणाले, "ताई, तुमच्या नावावर आधीच कर्ज आहे, आणि एकही हप्ता भरलेला नाही." मी म्हणाले, "दुसऱ्या कुणाचं आसंल साहेब, मी कधी कर्ज काढलंच न्हाई." त्यांनी त्या कर्जाच्या कागदांच्या झेरॉक्स काढून गरम गरम माझ्यापुढं ठेवल्या. फोटो माझा होता, मोबाईल नंबर नवऱ्याचा. सही माझ्या नावाची, पण अक्षर त्याचं. लग्नानंतर माझा हात धरून त्यानंच मला सही करायला शिकवलं होतं. घरी विचारलं तर मान खाली घालून म्हणाला, "मोबाईलवरच्या पत्त्यांच्या जुगारात गेलं सगळं. तुला कळायच्या आत फेडणार होतो गं." दुसऱ्या दिवशी मी पोलीस ठाण्यात गेले. जमादारांनी विचारलं, "खोटी सही कुणी केली? नाव सांगा." आमच्याकडं बायका नवऱ्याचं नाव घेत न्हाईत. मी ते एकदाच घेतलं होतं, लग्नात, उखाण्यात, लय लाजत. ते दुसऱ्यांदा घेतलं तिथं. लिहून झाल्यावर जमादारांनी वाचून दाखवलं, "बरोबर आहे ना?" मी मान हलवली आणि खाली सही केली. ते कर्ज माझ्या नावावरून उतरायला दोन वर्षं लागली. आता आम्ही दोघी मायलेकीच राहतो. शाळेच्या फॉर्मवर वडिलांच्या नावाची जागा आली की मी पेन लेकीच्या हातात देते.