मुकादमीण आणि ओणवी गाडी

आमच्या मुकादमिणीचं तोंड निम्म्या गावानं उलटंच पाहिलेलं होतं. कांद्याच्या लागणीला ती एकदा वाकली की भाकरीच्या सुट्टीपर्यंत सरळ होत नसे. बांधावरून कुणी हाक मारली की बाकीच्या बाया कमरेवर हात ठेवून उभ्या राहायच्या, तेवढाच विसावा. ही मात्र वाकल्या जागेवरून काखेखालून मागं बघायची आणि तिथूनच उत्तर द्यायची. एकदा तलाठी म्हणाला, "बाई, जरा उभं राहून बोला की." ती काखेतून म्हणाली, "उभं ऱ्हायला मला येळ न्हाई. तुमाला हाय, तर तुमी वाका."

ती माझी बायको. टोळीत अकरा बाया होत्या तिच्या. न्हावरे, निमोणे, पार भीमेच्या पलीकडच्या मळ्यांपर्यंत लागण उक्ती घ्यायची आणि बोलल्या दिवशी काम उरकून रान मोकळं करून द्यायची. गाव मुकादमीण म्हणायचं, म्हणून मीही म्हणायला लागलो. तिचा बाप मेंढरांचा. लग्नाआधी ती कळपाच्या पुढं चालायची, गवत कुठं आहे ते लांबून हेरायची. माझ्या घरी आली आणि तिची नजर वाफ्यातल्या चिखलात गेली. हे मी आज म्हणतो. तेव्हा असलं काही माझ्या डोक्यात येत नसे. मी दौंडला विहिरीवरच्या जळक्या मोटारी नव्या तारेनं भरून देणाऱ्या दुकानात कामाला होतो, आणि घरी आलो की जेवून झोपायचो.

वाकण्याचं तिचं शास्त्र होतं. टोळीत आलेली नवी सून डाव्या हातातली रोपाची जुडी गुडघ्यावर टेकवायची आणि त्या हातावर अंगाचा भार टाकायची. दुपारपर्यंत जुडी चुरगळायची आणि सूनही. मुकादमीण जुडी हातात घेऊन बघायची आणि सगळ्यांसमोर विचारायची, "रोप लावाया आली का त्याचा गळा दाबाया?" मग शिकवायची. भार हातावर न्हाई, भार मांड्यांत आन् पोटात. कमरेतनं मोडायचं, पाठीतनं न्हाई. हात असे ठेवायचे, जणू ते दुसऱ्याचे हायत आन् आपण नुसते सांभाळायला घेतल्यात. जिची जुडी संध्याकाळी ताजी ती पास.

आता गाडीचं सांगतो. नव्वद साल उलटून सात-आठ वर्षं झाली असतील. आमच्या दुकानाशेजारी गफूर मिस्त्रीचं गॅरेज होतं. कुठल्याशा इंग्रजी मासिकातला फोटो भिंतीला चिकटवून, दोन हिवाळे खपून त्यानं एक गाडी बनवली. इंजिन जुनं, बाकी सगळं नवं. लाल टाकी, हँडल पार खाली, पाय ठेवायचे दांडे मागं सरकवलेले, सीट एकाच माणसाची आणि तिच्या मागं उंटासारखं कुबड. बसलं की माणूस टाकीवर ओणवा व्हायचा. ज्यानं बनवून घेतली तो बदली होऊन गेला आणि गाडी राहिली. गफूर म्हणाला, "कॅफे रेसर बोलतात हिला, आप्पा. भायेरच्या मुलखात या हॉटेलापासून त्या हॉटेलापर्यंत रेस लावतात."

मी भाळलो. सत्तेचाळीस वर्षांचा बाप्या, पोरगी नांदायला गेलेली, आणि लाल टाकीवर भाळलो. यात समजावून सांगण्यासारखं काही नाही. माझी रुंद सीटची दणकट गाडी गफूरकडं ठेवली आणि ही घेतली. त्याचा शब्द असा, की आठ दिवस चालवा. नाही जमली तर आणून द्या, तुमची गाडी तुम्हाला. आठ दिवस उलटले की अदलाबदल पक्की.

दौंड ते न्हावरे त्या गाडीनं माझी आई-आजी काढली. मनगटं बधिर झाली. मान वर करून बघायचं तर मानेला कळ, खाली घातली तर पुढचा रस्ता गुल. गावात शिरताना ब्रेक दाबायला पाय नेहमीच्या जागी नेला, तिथं काहीच नव्हतं, आणि मी एका कडब्याच्या गंजीत शिरलो. कडबा बाजूला करून घरापुढं आलो, गाडी स्टँडला लावली, उतरलो. पण कंबर काही सरळ होईना. गाडीवरून उतरून मी गाडीवरच होतो.

टोळी कामावरून नुकतीच आली होती. हौसा म्हणून एक तोंडाळ बाई होती त्यात. ती ओरडली, "आगं मुकादमीण, आप्पा आजपास्नं लागणीला यायलेत का काय? वाकूनच आल्यात!"

मुकादमिणीनं गाडीला एक फेरी घातली. ही कशाला असते, विचारलं. मी हॉटेलांच्या रेसचं सांगितलं. "च्या प्यायला येवढी घाई?" म्हणाली. बाया फिदीफिदी हसल्या. मग तिनं त्या कुबडावर हात ठेवला आणि हसू थांबवून विचारलं, "आन् मी कुठं बसायची?"

रोज पहाटे तिला मळ्यावर सोडायचो मी. बाजाराला शिरूरला आम्ही दोघं जायचो. पोरीकडं जायचं तरी दोघं. आणि गाडी घेताना ती माझ्या ध्यानातच आली नव्हती. मी म्हणालो, कुबड काढता येईल.

"ते न्हाई इचारलं. घेताना ध्यानात आलं व्हतं का?"

"न्हाई."

"बरं," ती म्हणाली आणि चूल पेटवायला गेली. पाच हॉर्सपॉवरच्या मोटारी मी एकट्यानं उचलल्या आहेत. ते 'बरं' त्याहून जड होतं.

दुसऱ्या दिवशी जेवताना मला भाकरी मोडता येईना, मनगटं इतकी सुजली. ती बघत होती. उठून परसात गेली आणि रोपाच्या दोन बारक्या जुड्या घेऊन आली. मला अंगणात नेऊन स्टँडवरच्या गाडीवर बसवलं. एकेका मुठीत, हँडल आणि तळहाताच्या मध्ये, एकेक जुडी ठेवली.

"आता बसा. तुमी हँडलवर निजताय. हँडल धरायचं असतंय, त्याच्यावर बसायचं नसतंय. पोट आवळा. मांड्यांनी टाकी धरा. कमरेतनं मोडा... पाठीतनं न्हाई! मांजर हाय का तुमी?"

मी म्हणालो, "आठ दिवसांत परत द्यायचीच हाय ना गाडी, मग हे कशाला?"

"परत तर द्यायचीच हाय. पर मुकादमिणीच्या नवऱ्याला वाकता येईना म्हणून त्यो गाडी देऊन आला, हे मी टोळीत ऐकून घ्यायची न्हाई. वाकायला शिका, मग परत द्या."

मग रोज सकाळी ती मला दोन जुड्या द्यायची आणि टेम्पोत बसून टोळीबरोबर जायची. मी दोन्ही मुठींत कांद्याचं रोप धरून दौंडला जायचो-यायचो. संध्याकाळी अंगणात सगळ्या बाया थांबायच्या, निकाल ऐकायला. तिसऱ्या दिवशी जुड्यांचा लगदा. चौथ्या दिवशी उजवी मेलेली, डावी धुगधुगीत. "डावा हात हुशार हाय तुमचा, उजवा ढ," ती म्हणाली. पाचव्या दिवशी घाटमाथा चढल्यासारखं काहीतरी झालं. पाय आपसूक मागच्या दांड्यांवर गेले, ब्रेक जिथं होता तिथं सापडला, पोट आवळलेलंच राहिलं, आणि हात मोकळे. वारा छातीवर यायचा तो पाठीवरून जायला लागला. मी मोठ्यानं ओरडलो सुद्धा, रस्त्यात कुणी नव्हतं म्हणून. सातव्या दिवशी तिनं जुड्या उजेडाकडं धरून बघितल्या, हुंगल्या, आणि परसातल्या वाफ्यात नेऊन लावल्या. हौसा म्हणाली, "पास झालं गं मुकादमिणीचं पोरगं!"

पास झालो आणि त्या रात्री मला जेवण गोड लागेना. गाडी अंगात मुरली होती. पण पाच दिवस ती टेम्पोच्या फाळक्याला लटकून गेलेली मी बघितली होती. आठव्या दिवशी सकाळी म्हणालो, "देऊन येतो गाडी."

"मी बी येते. असली गाडी करणारा माणूस हाय तरी कसा, त्ये बघू."

बसायची कुठं? तिनं बापाचं घोंगडं चौपदरी घातलं, कुबडावर टाकलं. काष्ट्याचं नऊवारी होतंच. पाय टाकून बाप्यासारखी दोन्हीकडं पाय सोडून बसली. पाय ठेवायला काही नव्हतं, तर माझ्या टाचांवर ठेवले. कुबड उंच, त्यात मी ओणवा, त्यामुळं ती माझ्या वर हातभर दिसत होती. पारावरची टाळकी उठून उभी राहिली. एकजण ओरडला, "आप्पा, बैल तुमी आन् हाकणारी मुकादमीण का?" ती वरून म्हणाली, "व्हय, आन् तुला शेपटाला बांधायचाय, येतू का?"

गाव सुटलं. तिनं माझे खांदे घट्ट धरलेले. मला वाटलं, भ्याली. मग माझ्या पाठीवर थाप बसली.

"आवं, ते बघा कोण उसातनं बाहीर येतंय! आन् त्या लांबच्या मळ्यात मोट... न्हाई, पाण्याची टाकी हाय. आन् पुढं वळण हाय बघा, डावं."

"मला दिसतंय की."

"तुमाला दिसतंय. मला आज दिसतंय."

मी वेग कमी केला. वाऱ्यात नीट ऐकू यावं म्हणून. ती सांगत होती. "बावीस वर्सं बसले मी तुमच्या मागं. आडवी बसायची. जाताना एक बाजू बघायची, येताना दुसरी. समुर निस्ती तुमची पाठ. तुमच्या सगळ्या सदऱ्यांच्या शिवणी मला पाठ हायत. पर रस्ता येतो कसा, त्ये मी बघितलंच न्हवतं. बापाच्या कळपाम्होरं चालायची तवा बघितल्याला."

भीमेच्या पुलावर मला वाटलं थांबावं. तिनं थांबू दिलं नाही. "चालतंच ऱ्हावा. पाणी अंगावर येतंय कसं!" एवढी मोठी मुकादमीण, अकरा बायांना धाकात ठेवणारी, पुलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसती हसत होती. पोरीच्या लग्नात सुद्धा मी तिला तशी हसताना बघितलं नव्हतं.

गॅरेजपुढं गाडी थांबवली. गफूर हात पुसत आला, माझी जुनी गाडी बाहेर काढायला लागला. म्हणाला, "उतरा भाभी."

"कशाला?"

"गाडी वापस द्यायची ना?"

"कोण म्हनलं?"

गफूरनं माझ्याकडं बघितलं. मी अजून ओणवाच होतो. ती वरूनच बोलायला लागली, "ह्ये कुबड वरनं सपाट कर. गादी घाल. माझ्या पायाला दांडे लाव, ह्यांच्या टाचा कायमच्या थोड्याच सापडणार हायत. पर उंची हाय तेवढीच ठिव. बोटभर बी कमी झाली तर गाडी तुझ्या दारात आणून टाकीन."

गफूर डोकं खाजवत म्हणाला, "भाभी, असली गाडी दुनियेत कुठं नसंल."

"नसू दे. आमाला दुनियेत कुठं जायचंय? शिरूरला जायचंय."

त्या उंच सीटवरून मुकादमिणीनं पुढं पुष्कळ वर्षं राज्य केलं. टेम्पोत परत कधी चढली नाही. मागून रस्ता सांगत राहायची. म्हैस, खड्डा, कुणाच्या दारात मांडव, कुणाच्या वाफ्यात पाणी जास्त झालंय. निमोण्याच्या एका मळेवाल्याला तिनं चालत्या गाडीवरून ओरडून सांगितलं होतं की तुझं रोप पिवळं पडलंय, आणि पुढच्या हंगामाला त्यानं लागण तिलाच दिली. मी दमून जरा ताठ झालो की पाठीवर गुद्दा बसायचा. "वाका की! दिसंना." मी वाकायचो.

साठी उलटल्यावर माझी पाठ बोलायला लागली. शिरूरच्या डॉक्टरनं फोटो काढला, काचेवर लावून दाखवला, म्हणाला, आप्पा, हे वाकून गाडी चालवणं बंद करा, सरळ हँडल लावून घ्या. मी हो म्हणालो आणि घरी येऊन फोटो पत्र्याच्या पेटीत तळाला टाकला. तिला सांगितलं, डॉक्टर म्हणाला गॅस झालाय. मी आयुष्यात तिच्याशी खोटं बोललो ते एवढंच, आणि ते तिनं पकडलं नाही. का पकडून सोडून दिलं, ते आता कुणाला विचारू?

गेल्या पौषात ती आजारी पडली. अकरा दिवसांचं दुखणं. शिरूरला नेलं ते जीपमध्ये, आडवी घालून. वर जीपचं छत होतं, त्याला एक डाग होता, ती त्याच्याकडं बघत होती. मला म्हणाली, "कुठवर आलो?" मी तिचं डोकं मांडीवर घेऊन खिडकीबाहेर बघितलं आणि सांगायला लागलो. ऊस हाय. तुटून चाललाय. आता कांदा. चांगला लावलाय, वाफा सरळ हाय. दुधाची गाडी उभी हाय डेअरीपुढं. पोरं शाळेला निघाल्यात, एकाच्या पायात चप्पल न्हाई. मला एवढं बोलता येतं हे मलाच ठाऊक नव्हतं. शिरूर येईपर्यंत मी गप्प बसलो नाही. ती मधून मधून "व्हय" म्हणायची. मग "व्हय" म्हणायची थांबली, मी तरी बोलत होतो.

तिचं दिवसपाणी झालं. महिनाभरानं मी दौंडला गेलो. गफूर आता म्हातारा झालाय, स्टुलावर बसून पोराला शिव्या देतो. त्याला म्हणालो, डॉक्टरनं साठीनंतरच सांगितलं होतं, सरळ हँडल लाव. तो म्हणाला, "डॉक्टरनं सांगून किती साल झाले, आप्पा? तेव्हा का नाही आले?" मी म्हणालो, तेव्हा अडचण होती. त्यानं पोराला पाना आणायला सांगितलं. पोरानं तासाभरात जुनं हँडल काढून नवं लावलं. जुनं कुठं टाकू म्हणाला, म्हटलं भंगारात टाक.

गाडी सुरू करून गावाकडं निघालो. सरळ बसता येत होतं, पाठीला आराम होता. दोन-तीन मैल तसा गेलो. मग पाठीमागून एक टेम्पो आला, शेजारून जाताना त्याचा ड्रायव्हर माझ्याकडं बघून खदाखदा हसला. का हसतोय ते मला कळेना. खाली बघितलं तेव्हा कळलं. उंच सरळ हँडलला हात लांब करून, हनुवटी टाकीला लावून, मी आपला ओणवाच चाललो होतो.

हसला तर हसला. मी तसाच घरापर्यंत आलो.