जनीबाईंचे दहा पाहुणे

फोटोत चूल आणि भाकरी दोन्ही मावावीत म्हणून नरेंद्रने एक पाऊल मागे घेतलं आणि ते थेट जनीबाईंच्या तांदळाच्या पापड्यांवर पडलं. अंगणात जुन्या लुगड्यावर त्या वाळत होत्या. कर्रकन आवाज झाला. पायी खाऊ-सफरीला आलेले बाकीचे नऊ जण जागीच थिजले.

"असूंदे," जनीबाई म्हणाल्या. राग पापड्यांचा नव्हताच. तो दुसऱ्याच चुलीवर उकळत होता.

जनीबाई मोरिवलीच्या. सासऱ्यांचं भातशेत गेलं, तिथे कारखान्याचा भोंगा वाजू लागला. पण बाईंची वाढायची रीत काही तसूभर हलली नाही. गावात लग्न निघालं की भाकऱ्यांच्या चुलीवर पहिला गोळा त्यांचाच. विजेचं मीटर बघायला आलेला माणूससुद्धा त्यांच्याकडून ढेकर देत निघायचा, आणि पुढच्या घरांची मीटरं उद्यावर जायची.

म्हणूनच भाचा अल्पेश "मामी, रविवारी दहा जण आणतो, थोडंसंच कर, चाखण्यापुरतं," म्हणाला, तेव्हा त्यांनी ते कानाआड केलं. पाहुण्यांच्या वतीने असं बोलायचंच असतं. ते ऐकून कोणी टोप लहान घेतं का? सकाळपासून राबून त्यांनी भाकऱ्या थापल्या, सुक्या बोंबलांचं कालवण, वालाची भाजी, भात केला. ओटीवर पत्रावळ्यासुद्धा मांडल्या.

आणि आता अल्पेश गळ्यातल्या माईकमधून सांगत होता, "फ्रेंड्स, ही इथली लुप्त होत चाललेली खाद्यसंस्कृती!"

"कोण लुप्त झाला? मी हितंच हाय की!"

"मामी, बोलायची पद्धत असते ती. फ्रेंड्स, एकेकच घास. पोट राखा, पुढच्या चौकात दाल-पकवान आहे!"

त्याने दोन भाकऱ्यांचे तुकडे करून प्रसादासारखे वाटले. मंडळींनी बूट न काढता, उभ्याउभ्याच ते तोंडात टाकले. एका बाईंनी "वॉव, स्मोकी!" म्हणत अर्धा तुकडा तुळशीच्या कट्ट्यावर ठेवून दिला.

तो तुकडा बघितला आणि जनीबाईंचा तोल सुटला. "अल्पेश, मी काय मुंग्यांना वाढलंय? पत्रावळीला हात न लावता चालले? उद्या गाव बोलंल, जनीच्या दारचे पाव्हणे उपाशी गेले!"

"मामी, पाव्हणे नाय ते. कस्टमर हायत."

"कस्टमर दुकानात! ह्या माझा आंगण हाय."

अल्पेशने घड्याळ पाहिलं, छोटा झेंडा उंचावला आणि वरात दाल-पकवानाकडे वळली. टोपांवरची झाकणं तशीच राहिली. जनीबाई पदराने वारा घेत उंबऱ्यावर बसल्या. साऱ्या आयुष्यात त्यांच्या ओटीवरची पत्रावळ कोरी उचलली गेली नव्हती.

नरेंद्र तेवढा मागे राहिला होता. खाली बसून पापड्यांचा चुरा गोळा करत होता. त्याने रिकाम्या ओटीकडे, मग भरल्या टोपांकडे पाहिलं.

"काकू," त्याने चाचरत विचारलं, "एवढ्या जेवणाचं आता काय करणार?"

"बूट काढ."