बोटांमागे फिरणारी नजर

पोलिसातल्या नोकरीत विसरण्यासारखं पुष्कळ घडलं आणि ते मी विसरलोही. कर्वेनगरातली ती दुपार मात्र अजून जात नाही.

खबर दिली एका सोसायटीच्या अध्यक्षांनी. लेटरहेडवर, तीन परिच्छेदांत. दुसऱ्या मजल्यावरच्या बाई येणाऱ्या लोकांच्या डोळ्यांपुढे बोटं फिरवून मोहिनी घालतात, बायका रडत बाहेर पडतात, सबब जादूटोणाविरोधी कायद्याखाली कारवाई व्हावी. पंच म्हणून सही करायला ते स्वतः हजर होते, कडक इस्त्रीचा सदरा घालून.

एक महिला शिपाई घेऊन मी गेलो आणि दार उघडताच सरळ आतल्या खोलीत शिरलो. पन्नाशीच्या एक बाई दोन बोटं डावीकडून उजवीकडे हलवत होत्या. समोर खुर्चीत तिशीची तरुणी. नजर बोटांमागे, गालांवर पाणी.

"अहो, दहा मिनिटं बाहेर थांबा. हे मधेच तोडता येत नाही."

"तपास चालू आहे, बाई. बोटं खाली घ्या."

"वॉरंट नसेल तर नसू दे. निदान बूट तरी काढायचे."

त्यांनी मानसोपचाराची पदवी दाखवली आणि पद्धत सांगितली. जुना आघात मनात आणायचा आणि त्याच वेळी बोटांमागे नजर फिरवायची. आठवण पुसली जात नाही, पण हळूहळू तिची धार कमी होते. मला ते सगळं जत्रेतल्या तंबूसारखं वाटलं. मी तरुणीकडे वळलो. "इथे काय करतात तुम्हाला?"

ती फरशीकडे बघत राहिली. मी ठेवणीतलं वाक्य काढलं, "माझ्या डोळ्यांत बघून बोला."

तिने वर बघितलं.

"साहेब, बिबवेवाडीच्या ठाण्यातही तुम्ही हेच म्हणाला होतात."

मी तिला ओळखलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी, मी बिबवेवाडीला असताना, ती एका खासगी क्लासमध्ये शिकवायची. मालक केबिनचं दार लावून अंगचटीला आल्याची तिची फिर्याद होती. महिला अधिकारी रजेवर, म्हणून जबाब मीच घेतला. हॉलमध्ये, चार लोकांदेखत, तीनदा सगळं सांगायला लावून. ती सारखी दाराकडे बघत होती. नजर चुकवतो तो खोटं बोलतो, हे आमच्या खात्यात न शिकवताच सगळे शिकतात. मालकाने डोळ्याला डोळा भिडवून, आमचाच चहा पीत उत्तरं दिली. फिर्याद खोटी असल्याचा अहवाल मी कोर्टात पाठवला.

"केबिनच्या आठवणीवरचं काम मागच्या महिन्यात संपलं," ती म्हणाली. "आज तुमच्या ठाण्याच्या आठवणीवर चाललं होतं."

मग अध्यक्षांनी विचारलं, "पंचनामा लिहायचा ना, साहेब?"

"तुम्ही घरी जा," मी म्हणालो.

बाईंची कागदपत्रं तपासली, चोख निघाली. अर्ज दप्तरी दाखल झाला. जुनी फाईल मागवली, तर माझ्याच अक्षरात शेरा होता: फिर्यादी नजर चुकवते. घाबरलेल्या माणसाची नजर दार शोधते, एवढं साधं ओळखायला मला तीस वर्षांची नोकरी पुरली नव्हती.

पुढील तपासाची परवानगी मागितली. ती मिळाली आणि काम एका महिला अधिकाऱ्याकडे गेलं. तरुणीने नवा जबाब बंद खोलीत, खिडकीकडे बघत दिला. तिला कोणी टोकलं नाही. या वेळी दोषारोपपत्र दाखल झालं.

या प्रकरणाने साक्षीदाराच्या डोळ्यांवरून निकाल द्यायचा नाही, हे मला शिकवलं. नव्या मुलांना ते मी सांगतोही. सांगत नाही ते एवढंच, की परवानगीच्या अहवालात मी लिहिलं होतं, "सदर शेरा अनवधानाने नोंदवला गेला." वरिष्ठांनी तो शब्द मान्य केला. मी पूर्ण भानावर होतो, आणि तो शेरा लिहिताना मला आपल्या पारखीचा अभिमानही वाटला होता.