दोन व्याही, एक पडदा

माझं लग्न एका पाटीवरून मोडायला आलं होतं. मंडपातल्या पांढऱ्या पडद्यावर दोघा व्याह्यांची नावं लिहायची, पण वर कोणाचं? सासरे उमापूरचे मोठे बागायतदार. ते म्हणाले, "मुलाकडचं नाव खाली? आमच्यात असलं चालत न्हाई." वडिलांचं वडवणीत कापडदुकान. ते म्हणाले, "मंडप माझा, जेवण माझं, आन् मीच खाली कावून?" आठ दिवस उरले होते आणि दोघंही मिशीला पीळ भरून बसले होते. मला मात्र नवरा पसंत होता. लई पसंत होता.

मी हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. गावात नुकतीच केबल आली होती, जगात काहीही होऊ शकतं असं वाटायचं, असे ते दिवस. आमच्या शाळेचं स्लाइडचं यंत्र मागून आणलं, दुसरं दिंद्रुडच्या शाळेतून. दोन लहान काचांवर चिमणीची काजळी धरली आणि सुईनं नावं कोरली. एका काचेवर सासरे वर, दुसरीवर वडील वर. पहिल्या यंत्राच्या तोंडाला लाल जिलेटिन कागद, दुसऱ्याच्या हिरवा, आणि दोन्हींचा उजेड त्याच पडद्यावर. नुसत्या डोळ्यांनी सगळा गिचमिड काला दिसायचा. पण लाल चष्म्यातून फक्त लाल अक्षरं वाचता यायची, हिरव्यातून फक्त हिरवी. उरलेल्या लग्नपत्रिका कापून, त्यांना तेच जिलेटिन चिकटवून मी ढीगभर चष्मे केले. लाल वरपक्षाला, हिरवे आमच्या माणसांना.

मुहूर्त गोरज होता. अंधारायला लागलं, यंत्रं सुरू झाली. सासऱ्यांनी चष्मा लावला, आपलं नाव वर पाहिलं आणि छाती पुढं काढली. वडिलांनीही तेच केलं. मी गौरीहरापुढं बसून दारातून हे बघत होते आणि मुंडावळ्यांच्या आड हसू आवरत नव्हतं. पाय जमिनीवर नव्हतेच.

मग व्याहीभेट. आमच्याकडं व्याही नुसते गळ्यात पडत नाहीत, एकमेकांना उचलून धरतात आणि टोप्या बदलतात. या दोघांनी टोप्या बदलल्या, उपरणी बदलली, आणि प्रेमाच्या भरात चष्मेही बदलले. हे मी कुठल्या पुस्तकात शिकणार होते?

"माझं नाव खाली घातलंय!" सासरे गरजले.

"खाली तर माझं हाय!" वडील ओरडले.

बँड थांबला. सासऱ्यांनी उपरणं झटकलं. "चला रे, जीपा काढा!"

नवरीनं बोलायचं नसतं, पण मी उठून दारात आले आणि बोलले. "मीच केलंय हे. चष्मे परत बदला, दोघांचीबी नावं वरच हायेत."

दोघांनी चष्मे बदलले, पाहिलं. पुन्हा बदलले, पुन्हा पाहिलं. एकदा तर सासऱ्यांनी एका डोळ्याला लाल आणि दुसऱ्याला हिरवा धरला. "बेस हाय की!" ते म्हणाले.

वडिलांनी मात्र चष्मा काढून माझ्याकडं पाहिलं. "पोरी, आन् तुमची दोघांची नावं?"

मी पडद्याकडं पाहिलं. आठ दिवस दोन बापांची नावं वरखाली करताना लग्न कोणाचं, हे कोरायचंच राहिलं होतं. सगळा मंडप खो खो हसला, मीही हसले आणि हसता हसता रडले.

सासऱ्यांनी जोरात हाक दिली, "बंद करा रे ती दोनी यंत्रं. अंतरपाट धरा!"